झुरळाची कात आणि परत आलेला पाय

बुऱ्हाणपुरातील एखाद्या जुन्या घराच्या मोरीवरची फरशी रात्री उचलली, तर तांबड्या झुरळांच्या मेळ्यात क्वचित एखादे शुभ्र झुरळ दिसते. ते निराळ्या जातीचे नव्हे की रोगटही नव्हे. नुकतीच कात टाकलेले पिल्लू ते. काही तासांत त्याचे कवच टणक होऊन त्यावर रंग चढतो. प्रौढ होईपर्यंत हे दहा-तेरा वेळा घडते, आणि तुटलेला पाय परत मिळवण्याची मुभाही त्याला तेवढ्याच काळात असते.

खेकड्याची तुटलेली नांगी पुन्हा फुटते, हे किनाऱ्यावरचे मच्छीमार पूर्वीपासून सांगत. पॅरिसमध्ये रेओम्यूर यांनी १७१२ साली ते विद्वानांच्या गळी उतरवले. झुरळाची पाळी मात्र त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी आली, आणि तीही एका वेगळ्याच वादात.

केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांचे प्रतिपादन असे की, जातीजातींतील भेद नेहमी कणाकणाने साचत नाहीत. ते उडी मारूनही येतात. आता झुरळाच्या पावलाला पाच पेरे असतात. पण काहींच्या एखाद्या पावलाला चारच, आणि तीही रेखीव, प्रमाणबद्ध! १८९४ च्या आपल्या ग्रंथात बेटसन यांनी या पावलाची चर्चा केली. उडीचा याहून सुबक पुरावा कोणता मिळावा? परंतु एच. एच. ब्रिंडली यांनी पिल्लांचे पाय छाटून ती वाढवली, तेव्हा नव्या पावलांना चार पेरे आली. हे त्यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केले. जो जन्मजात भेद भासत होता, ती जुन्या जखमेची खूण होती. थोर सिद्धान्ताला असा एवढ्याशा पावलाने चकवा द्यावा, याची मला मोठी मौज वाटते.

पाय मांडीच्या मुळाशी तुटतो. उरलेल्या खुंटाच्या कवचाआड नवा पाय घडी घातल्यासारखा तयार होतो आणि कात पडली की बाहेर उलगडतो. ऑस्ट्रेलियात ओफॅरेल व स्टॉक यांनी १९५३ साली लहान जर्मन झुरळांवर दाखवले की, पाय वेळेत लवकर गेला तर पिल्लू पुढची कातच लांबवते. आमचा विणकर ठाण पुरे झाल्यावाचून ते मागावरून उतरवीत नाही, तसे. उशिरा गेला तर कात ठरल्या वेळी पडते, आणि पायाला त्यापुढच्या खेपेची वाट पाहावी लागते.

कातेला चालना देणारी छातीतील ग्रंथी प्रौढपणी विरून जाते. म्हणून मोरीतले पंखवाले झुरळ लंगडे दिसले, तर ते मरेपर्यंत लंगडेच राहणार. पण धडधाकट दिसणाऱ्याच्या एखाद्या पावलाला चारच पेरे भरली, तर तो पाय त्याने लहानपणी एकदा गमावला होता, असे खुशाल समजावे.