लूव्हेनचें विद्यापीठ

बेल्जम देशांतील ज्या गांवाच्या विद्यापीठाविषयीं आज लिहावयाचें आहे, त्या गांवाचें नांव कसें उच्चारावें येथूनच अडचणीस आरंभ होतो. फ्रेंच बोलणारे त्यास 'लुव्हँ' म्हणतात, डच बोलणारे 'लेव्हन'. आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या मंडळीच्या कानांवर बहुधा पहिलेंच नांव आलेलें असतें. मी या लेखांत 'लूव्हेन' असें मधलेंच रूप वापरणार आहें. वाचकांनीं हा भेद क्षुल्लक मानूं नये. ज्या विद्यापीठास दोन महायुद्धांतील अग्नि संपवूं शकला नाहीं, त्याचे पुढें दोन तुकडे झाले ते या दोन उच्चारांच्या भांडणांतून.

लूव्हेन हें कापडाच्या व्यापारावर गबर झालेलें शहर. पंधराव्या शतकाच्या आरंभीं तो व्यापार खालावला होता. विद्यार्थी आले तर गांवांत पुन्हां वर्दळ होईल, हा हिशेब नगरशेटींच्या मनांत नव्हता असें कोण म्हणेल? नगरसभा, सेंट पीटरच्या देवळांतील धर्माधिकाऱ्यांचें मंडळ व ब्राबांटचा ड्यूक चौथा जॉन या सर्वांनीं रोमकडे विनंति केली आणि पांचवा मार्टिन या पोपनें ९ डिसेंबर १४२५ रोजीं सनद दिली. गंमत अशी कीं, या सनदेंत धर्मशास्त्र शिकविण्याची परवानगीच नव्हती! ती मिळावयास १४३२ साल उजाडलें. कॅथॉलिक विद्यापीठ म्हणजे पाद्री घडविण्याची शाळा, अशी आपली सामान्य समजूत. पण येथें कायदा, वैद्यक व कला हीं आधीं आलीं आणि ईश्वरविद्या मागाहून. ज्या दिवाणखान्यांत पूर्वीं कापडाचे गठ्ठे उलगडले जात, त्याच इमारतीचा एक भाग विद्यापीठास मिळाला.

त्या काळची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. विद्यापीठ म्हणजे शहरांतील एक दुसरें शहरच होतें. त्याचा प्रमुख जो रेक्टर, तो थोड्या थोड्या महिन्यांसाठीं निवडला जाई आणि विद्यापीठीय मंडळीवरील दिवाणी व फौजदारी अधिकार त्याच्या हातीं असे. विद्यार्थ्यानें गुन्हा केला तर शहरच्या न्यायाधीशानें त्याला हात लावावयाचा नाहीं! कलाशाखेचें शिक्षण चार छात्रालयांत चाले आणि त्यांचीं नांवें डुक्कर, ससाणा, लिली व किल्ला अशीं होतीं. या चौघांत दरवर्षीं परीक्षेची चुरस लागे आणि जो पहिला येई त्या 'प्रीमुस'ची त्याच्या गांवीं मिरवणूक निघे. आपल्याकडे मॅट्रिकला पहिला आलेल्या मुलाचें जें कौतुक होत असे, त्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

सोळावें शतक हें या विद्यापीठाचें वैभवाचें शतक. येथील अध्यापक एड्रियन १५२२ सालीं पोप झाला. इरॅस्मस १५१७ पासून चार वर्षें येथें राहिला. बुस्लायडन नांवाच्या गृहस्थानें मरतांना ठेवलेल्या द्रव्यांतून लॅटिन, ग्रीक व हिब्रू या तीन भाषांचें विद्यालय निघालें. त्याच्या उभारणींत इरॅस्मसनें मन घातलें. शरीरशास्त्राचा पाया घालणारा व्हेसेलियस व नकाशांचा कर्ता मर्केटर हे दोघेही येथले विद्यार्थी. हें सर्व लॅटिनमधून चाले, हें लक्षांत ठेवावें. लॅटिन कोणाच्याच आईची भाषा नव्हती. त्यामुळें ती शिकण्याचे कष्ट सर्वांस सारखे होते.

पुढील दोन शतकें मी सोडून देतों. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारनें १७९७ सालीं विद्यापीठ बंद केलें. डच राजानें १८१७ मध्यें तेथें सरकारी विद्यापीठ काढलें. बेल्जम स्वतंत्र झाल्यावर तेंही गेलें. १८३४ सालीं बेल्जमच्या बिशपांनीं मालीन येथें नवें कॅथॉलिक विद्यापीठ स्थापिलें व पुढच्याच वर्षीं तें लूव्हेनला हलविलें. हेंच जुनें विद्यापीठ कीं नवें, याबद्दल कज्जे झाले आणि हें जुन्याचें वारस नव्हे असा न्यायालयांचा निकाल पडला. लोकांनीं मात्र तो मनावर घेतला नाहीं. खरा फरक वेगळाच होता. जुना रेक्टर विद्यापीठानें निवडलेला असे. नवा रेक्टर बिशपांनीं नेमलेला. सत्ता आंतून येण्याऐवजीं वरून आली. पैसा देवळांदेवळांतून गोळा होई. आणि लॅटिनच्या जागीं फ्रेंच आली. गांव फ्लेमिश, भोंवतालचा शेतकरी फ्लेमिश, देवळांतल्या पेटींत पैसे टाकणारेही पुष्कळसे फ्लेमिश. परंतु वर्गांत बोलली जाणारी भाषा ही वरच्या थरांतील कुटुंबांची!

आगींची हकीकत जगास ठाऊक आहे. २५ ऑगस्ट १९१४ च्या रात्रीं जर्मन सैन्यानें ग्रंथालय पेटविलें. सुमारें तीन लक्ष ग्रंथ गेले. व्हर्सायच्या तहांत त्यांची भरपाई करून देण्याचें कलम घालण्यांत आलें आणि अमेरिकन वर्गणींतून १९२८ सालीं नवी इमारत उभी राहिली. जर्मनांच्या क्रोधानें पाडली, अमेरिकेच्या दानानें उभारली, अशा अर्थाचा लॅटिन लेख तिच्यावर कोरावा असा वास्तुशिल्पी व्हिटनी वॉरन यांचा हट्ट होता. रेक्टर लादज यांनीं तो नाकारला. विद्यालयाच्या कपाळीं द्वेष कोरूं न देणारा हा रेक्टर मला फार मोठा वाटतो. पण मे १९४० मध्यें तीही इमारत जळाली आणि या वेळीं सुमारें नऊ लक्ष ग्रंथांची राख झाली.

परक्यांनीं जाळलें तें पुन्हां उभें राहिलें. घरचें भांडण अधिक कठीण निघालें. १९११ पासून डच भाषेंत कांहीं व्याख्यानें होऊं लागलीं व हळूहळू बहुतेक सर्व शिक्षण दोन्ही भाषांत मिळूं लागलें. पण १९६२-६३ मध्यें देशांत भाषेची सीमा कायद्यानें आंखली गेली आणि लूव्हेन स्पष्टपणें फ्लेमिश बाजूस आलें. फ्रेंच शाखेनें येथून जावें अशी मागणी झाली. मे १९६६ मध्यें बिशपांनीं फर्मान काढलें कीं विद्यापीठ एकच राहील. चर्चेचा शब्द नाहीं. आज्ञा झाली, ती पाळावी. ज्या फ्लेमिश घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या बिशपांचा शब्द झेलला होता, त्यांचींच मुलें रस्त्यावर आलीं. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत १९२७ सालीं मांडणारे पाद्री-प्राध्यापक लमेत्र आयुष्याच्या अखेरीस फ्रेंच अध्यापकांच्या संघाचे अध्यक्ष म्हणून या फाळणीस विरोध करीत होते. शेवट पाहण्यापूर्वींच, १९६६ सालीं, ते वारले. फेब्रुवारी १९६८ मध्यें ब्रूजच्या बिशपांनीं आपण चुकलों असें जाहीरपणें सांगितलें आणि त्याच महिन्यांत या प्रश्नावर बेल्जमचें मंत्रिमंडळ कोसळलें. दोन विद्यापीठें झालीं. फ्रेंच शाखेसाठीं पंचवीसएक किलोमीटरांवर 'नवें लूव्हेन' हें अख्खें गांव वसविण्यांत आलें.

ग्रंथालयही वाटलें गेलें. विषम क्रमांकाचीं पुस्तकें एकीकडे, सम क्रमांकाचीं दुसरीकडे! भावाभावांच्या वांटणींत भांडीं मोजावीं तसें हें झालें, आणि हें वाचतांना माझ्यातल्या प्राध्यापकास जेवढें दुःख झालें तेवढें नऊ लक्ष ग्रंथांच्या राखेनेंही झालें नव्हतें. तरी फ्लेमिश मागणी अन्यायाची होती असें मला म्हणवत नाहीं. मीं स्वतः पंचवीस वर्षें खेड्यांतून आलेल्या मुलांना इतिहास इंग्रजींतून शिकविला आहे. समजलेलें असूनही बोलतां न येणारा चेहरा कसा दिसतो तें मला ठाऊक आहे. चूक मागणीची नव्हती. ती वेळेवर ऐकून न घेणाऱ्यांची होती. आज्ञेऐवजीं चार वर्षें वाटाघाट झाली असती तर निदान पुस्तकें तरी एकत्र राहिलीं असतीं, असें माझें मत आहे.

याच लूव्हेनमध्यें १९२८ ते ३० एक फ्लेमिश तरुण स्थापत्यशास्त्र शिकत होता व फ्रेंचच्या वर्चस्वाविरुद्ध चळवळही करीत होता. पुढें तो जेझुइट होऊन १९३५ सालीं हिंदुस्थानांत आला आणि येथें सुशिक्षितांस आपल्याच भाषेची लाज वाटतांना पाहून चकित झाला. रामकथेवरील आपला प्रबंध त्यानें अलाहाबाद विद्यापीठास इंग्रजींत न देतां हिंदींत दिला. हे फादर कामिल बुल्के. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश १९६८ सालीं, म्हणजे त्यांचें विद्यापीठ दुभंगलें त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला.

सनदेस सहाशें वर्षें होत आलीं तेव्हां, सप्टेंबर २०२४ मध्यें, पोप फ्रान्सिस बेल्जमला गेले. एका पोपनें एकच सनद दिली होती. या पोपना दोन दिवशीं दोन ठिकाणीं जाऊन दोन भाषणें करावीं लागलीं. दुसऱ्या दिवशीं नव्या लूव्हेनमध्यें स्त्रियांच्या कार्याविषयीं ते जें बोलले, त्याबद्दल आपली नापसंती त्या कॅथॉलिक विद्यापीठानें लगेच पत्रक काढून कळविली.