डायरीवर लोगो छापायचाय? स्क्रीन, फॉइल, यूव्ही की ठसा. योग्य पद्धत कशी निवडाल?

दिवाळी आणि नवीन वर्ष जवळ आलं की कंपन्या, पतसंस्था, क्लासेस लोगो छापलेल्या डायऱ्या आणि वह्या वाटतात. ऑर्डर देताना लक्ष असतं ते कव्हरच्या रंगावर आणि दरावर. छपाईची पद्धत दुकानदारावर सोडली जाते. मग काही महिन्यांत लोगो खरवडला जातो किंवा बारीक अक्षरं वाचताच येत नाहीत. नाव छापलेला माल परत करणंही कठीण. म्हणून आधी तीन गोष्टी ठरवा: कव्हर कशाचं आहे, लोगोत रंग किती आहेत आणि नग किती हवेत.

स्क्रीन प्रिंटिंग
जाळीतून शाई दाबून छपाई होते. प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन लागते. त्यामुळे एक-दोन रंगांचा लोगो आणि मोठी ऑर्डर असेल तर ही पद्धत परवडते. समजा, स्क्रीन तयार करायला ६०० रुपये लागले, तर ५० वह्यांवर प्रत्येकी १२ रुपयांचा भार पडतो. ५०० वह्यांवर फक्त १ रुपया २० पैसे.

फॉइल
गरम धातूच्या डायने सोनेरी किंवा चंदेरी फॉइल कव्हरवर चिकटवतात. गडद कव्हरवर उठून दिसतं. मात्र अगदी बारीक रेषा आणि छोटी अक्षरं भरून जाण्याचा धोका असतो.

ठसा अर्थात डिबॉसिंग
यात शाई नसते. डायच्या दाबाने लोगो कव्हरमध्ये खोल उमटतो. पुसला जाण्याचा प्रश्नच नाही. चामडं किंवा मऊ पीयू कव्हरवर तो छान दिसतो. पातळ, कडक कव्हरवर नीट उमटत नाही.

यूव्ही प्रिंटिंग
शाई अतिनील प्रकाशात लगेच सुकते. स्क्रीन किंवा डाय लागत नाही, त्यामुळे बहुरंगी लोगो आणि कमी नगांसाठी सोयीचं. प्रत्येक डायरीवर वेगळं नावही छापता येतं. पण सतत वाकणाऱ्या कव्हरवर शाईला तडे जाऊ शकतात.

लेझर चालेल का?
पीयू कव्हरवर चालतं. पण अनेक रेक्झिन कव्हर पीव्हीसीची असतात. पीव्हीसीवर लेझर मारल्यास हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. त्यामुळे कव्हर नेमकं कशाचं आहे, हे आधी विचारा.

ऑर्डर देण्याआधी
- लोगो व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून देऊ नका. डिझायनरकडून व्हेक्टर फाइल घ्या. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही.
- मराठी नाव असेल तर फॉन्ट आउटलाइनमध्ये बदलून घ्या. नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर वेलांट्या, जोडाक्षरं तुटतात.
- प्रत्यक्ष कव्हरवर एक नमुना छापून घ्या. नखाने खरवडून, कव्हर वाकवून बघा.
- स्क्रीन किंवा डायचा खर्च दरात धरला आहे का, हे लेखी घ्या.

थोडक्यात, साधा लोगो आणि जास्त नग असतील तर स्क्रीन, रंगीत लोगो आणि कमी नग असतील तर यूव्ही, आणि वर्षभर टिकणारी, हातात धरावीशी डायरी हवी असेल तर ठसा.