सॉलिटॉन : सममितिभंगातून जन्मणारे तरंग

सॉलिटॉन : आपली ऊर्जा थोड्या जागेत एकवटून, आकार न बदलता प्रवास करणारा तरंग. स्कॉटिश अभियंते जॉन स्कॉट रसेल यांनी १८३४ मध्ये एडिनबरोजवळच्या कालव्यात अशी एकाकी लाट पाहिली आणि घोड्यावरून तिचा पाठलाग केला. ‘सॉलिटॉन’ हे नाव मात्र झाबुस्की व क्रुस्कल यांनी १९६५ मध्ये दिले.

पाण्यातली लाट टिकते ती पसरण्याची प्रवृत्ती आणि अरैखिकता यांच्या तोलामुळे. उत्स्फूर्त सममितिभंग झालेल्या क्षेत्र सिद्धांतांत टिकाऊपणाचे कारण वेगळे आणि अधिक खोल आहे.

सर्वांत सोपे उदाहरण ‘किंक’चे. एका मितीतल्या क्षेत्राच्या स्थितिज ऊर्जेला समान खोलीचे दोन तळ आहेत, एक धन किमतीचा आणि एक ऋण किमतीचा. समीकरणांना दोन्ही सारखेच. निर्वात अवस्थेला, म्हणजे किमान ऊर्जेच्या स्थितीला, मात्र एकच तळ निवडावा लागतो आणि तिथे सममिती भंगते. आता डाव्या टोकाने एक तळ निवडला आणि उजव्याने दुसरा, तर मधे कुठेतरी क्षेत्राला शून्य ओलांडावेच लागते. त्या संक्रमणाच्या पट्ट्यात ऊर्जा साठते. हीच किंक. दोन्ही टोके घट्ट धरलेल्या पट्ट्यातला पीळ जसा नुसत्या हलवण्याने सुटत नाही, तशी ती विरत नाही. ती पुसायची तर एका बाजूचे अमर्याद क्षेत्र दुसऱ्या तळात न्यावे लागेल आणि त्याला अनंत ऊर्जा लागेल. प्रतिकिंकशी, म्हणजे उलट दिशेने तळ बदलणाऱ्या किंकशी, गाठ पडली तरच दोघी नष्ट होऊ शकतात.

किंकचे वस्तुमान आंतरक्रियेच्या तीव्रतेच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे निर्वाताभोवतीच्या लहान कंपनांचा हिशोब कितीही पुढे नेला तरी ती त्यात सापडत नाही.

अधिक मितींत अडचण येते. केवळ अदिश क्षेत्रांच्या नेहमीच्या सिद्धांतांत, दोन किंवा अधिक मितींच्या अवकाशात, मर्यादित ऊर्जेची स्थिर रचना टिकू शकत नाही, हे डेरिक यांनी १९६४ मध्ये दाखवले. विद्युतचुंबकीय क्षेत्रासारखी गेज क्षेत्रे जोडली की वाट मोकळी होते. नील्सन व ओलेसन यांनी १९७३ मध्ये भोवऱ्यासारखी रचना मांडली. ट हूफ्ट आणि पोल्याकोव्ह यांनी १९७४ मध्ये, स्वतंत्रपणे, चुंबकीय एकध्रुव, म्हणजे एकटाच उत्तर किंवा दक्षिण ध्रुव असलेली रचना.

यातल्या काही रचना प्रयोगशाळेत दिसल्या आहेत. दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकांत चुंबकीय स्रोत भोवऱ्यांच्या रूपाने शिरतो, हे अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये सांगितले होते. एसमान व ट्रॉयब्ल यांनी १९६७ मध्ये लोहचुंबकीय कणांच्या साह्याने या भोवऱ्यांची जाळी छायाचित्रांत टिपली. पॉलिअॅसिटिलीनच्या साखळीत एकेरी-दुहेरी बंधांचा क्रम जिथे उलटतो, तिथे किंकच असते. सू, श्रीफर व हीगर यांनी १९७९ मध्ये तिचे गणित मांडले.

एकध्रुव मात्र हाती लागलेला नाही. स्टॅनफर्डमध्ये ब्लास काब्रेरा यांच्या उपकरणाने १४ फेब्रुवारी १९८२ रोजी एक संकेत नोंदवला, पण तसा दुसरा पुन्हा मिळाला नाही. सर्नमधील मोएडल प्रयोगातही एकध्रुवाचा शोध घेतला जातो. त्याच्या अस्तित्वाचा निर्विवाद पुरावा अद्याप मिळालेला नाही.