भरपाईची कमाल मर्यादा

कायद्यांत लिहिलेला आंकडा स्थिर राहतो; बाजारभाव आणि मजुरी मात्र स्थिर राहत नाहींत. कामगारांच्या नुकसानभरपाईचा इतिहास पाहतां हें साधें सत्य किती घरांस महाग पडलें, हें ध्यानीं येतें.

इंग्लंडांत १८९७ सालीं ह्या विषयाचा पहिला कायदा झाला. मालकाची चूक सिद्ध न करतांहि भरपाई मिळावी, हें त्याचें नवें तत्त्व. जायबंदी कामगारास मागील बारा महिन्यांच्या सरासरी साप्ताहिक मजुरीच्या फार तर निम्मी रक्कम मिळे. पण ती एका पौंडाहून अधिक नसावी, असें बंधन होतें. पहिल्या महायुद्धांत महागाई भडकतांच ह्या पौंडाचें मोल घसरलें. तेव्हां पार्लमेंटास १९१७ मध्यें मूळ रकमेवर एक-चतुर्थांश आणि १९१९ मध्यें तीन-चतुर्थांश वाढ द्यावी लागली. कायदा महागाईच्या मागून धांवत होता.

ही धांव थांबविण्याचा मार्ग अमेरिकेंतील राष्ट्रीय आयोगानें १९७२ मध्यें सुचविला. कमाल मर्यादा प्रत्येक राज्याच्या सरासरी साप्ताहिक वेतनाशीं जोडावी. ती प्रथम त्याच्या दोन-तृतीयांश आणि १९७५ पर्यंत त्याच्या बरोबरीची व्हावी, अशी त्याची शिफारस होती. त्याच वर्षीं गोदी कामगारांच्या संघीय कायद्यानें ही मर्यादा टप्प्याटप्प्यानें राष्ट्रीय सरासरीच्या दुपटीपर्यंत नेण्याचें ठरविलें. सरासरी वाढली कीं मर्यादा आपोआप वाढते. विधिमंडळाच्या कृपेची वाट पाहावी लागत नाहीं. ह्या मापासहि उणीव आहेच. गरीब राज्याची सरासरी कमी, म्हणून तेथील मर्यादाहि कमी. हात तोच, पण त्याची किंमत प्रांतागणिक निराळी.

आमच्या देशांत १९२३ चा कायदा १९२४ पासून अमलांत आला. १९८४ च्या दुरुस्तीनें मृत्यूची भरपाई मासिक वेतनाच्या चाळीस टक्क्यांस वयानुसार ठरलेल्या गुणकानें गुणून काढूं लागले. पण हिशेबांत धरावयाचें वेतन १००० रुपयांपुरतेंच. ही मर्यादा २०१० मध्यें ८००० झाली, ती २०२० च्या जानेवारींत १५००० होईपर्यंत तशीच राहिली. २०१९ मध्यें २४००० मिळविणारा कामगार अपघातांत दगावला, तर त्याच्या वेतनाचा तिसरा हिस्साच हिशेबांत येई.

मर्यादा मुळींच नसावी, असें आम्ही म्हणत नाहीं. विमेदारास व कारखानदारास अंदाज हवाच. पण ती चालत्या वेतनाशीं बांधलेली नसेल, तर तिच्या प्रत्येक स्थिर वर्षाची तूट मृताच्या घरच्यांस सोसावी लागते.