एका नभोवाणी-संचाचा जीर्णोद्धार

कौटुंबिक वाटणीचा लेख करणे हे आमच्या व्यवसायातील नित्याचे काम. शेत, विहीर, केळीची बाग, घराच्या खोल्या, तांब्यापितळेची भांडी यांची यादी होते, सह्या होतात, आणि काल एका पंगतीस बसणारी माणसे उद्यापासून निराळी चूल मांडतात. अशाच एका कामासाठी बऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा या गावी जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. यादी पुरी होत आली असता माळ्यावरून चामड्याच्या पिशवीतला एक जुना रेडिओ खाली आला. थोरले बंधू म्हणाले, "वकीलसाहेब, हा कुणाच्या नावे लिहू नका. भंगारवाल्याला देऊन टाकू." धाकट्यांनीही मान डोलावली. ज्या घरात एका पितळी घंगाळावरून तासभर वाद झाला होता, तेथे दोघांनाही नको असलेली अशी ती एकमेव वस्तू होती. कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या मातोश्री मात्र काही बोलल्या नाहीत. आम्ही तो संच दुरुस्त करून पाहण्यासाठी मागून घेतला.

पिशवीच्या खणात टपालखात्याची परवाना-पुस्तिका निघाली. आजच्या तरुण वाचकांस हे नवल वाटेल. परंतु १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये घरात नुसता ऐकण्याचा संच बाळगण्यासही परवाना लागत असे. दरसाल टपाल कचेरीत फी भरावी व पुस्तिकेत तशी नोंद करून घ्यावी, असा रिवाज होता. १९८० नंतरच्या दशकात ही फी रद्द झाली. या पुस्तिकेतील पहिली नोंद १९६४ ची होती. पुराव्याच्या कायद्याची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांस ती पुस्तिका म्हणजे एका घराने आपला कान जगाकडे उघडा ठेवल्याचा लेखी दाखलाच वाटली.

तो कान उघडा ठेवण्याची येथे विशेष गरज होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्यप्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. निमाड मात्र नव्या मध्यप्रदेशात राहिला. तापीकाठच्या मराठी बोलणाऱ्या गावांची शाळा, कचेरी आणि न्यायालय यांची भाषा एक, तर घरची भाषा दुसरी, अशी स्थिती झाली. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून लघुलहरींचे प्रक्षेपण १९३८ पासून होत असे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारतीही प्रथम मुंबई व मद्रास येथील लघुलहरी-प्रक्षेपकांवरूनच ऐकू येई. लघुलहरी आकाशात उंच असलेल्या विद्युद्भारित थरावरून परतून शेकडो कोसांवर उतरतात. नकाशावर आखलेली रेषा त्यांना ठाऊक नसते.

या सत्याची फार मोठी प्रचीती आपल्या गोमंतकाने घेतली आहे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर सरहद्द बंद झाली. आत काय चालले आहे हे बाहेर कळेना, आणि बाहेरचे सत्य आत पोहोचेना. अशा वेळी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी श्री. वामन सरदेसाई व श्रीमती लिबिया लोबो यांचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. आंबोलीच्या अरण्यात, आणि पुढे कॅसलरॉक येथे राहून, त्यांनी कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून स्वातंत्र्याचा आवाज सहा वर्षे जिवंत ठेवला. हे प्रक्षेपण ज्या यंत्रांवर झाले, ती कोणत्याही कारखान्याने त्यांच्यासाठी घडविलेली नव्हती. १९५४ साली दादरा-नगरहवेली मुक्त झाली, त्या वेळी हाती लागलेल्या दोन बिनतारी संचांत फेरफार करून ती सिद्ध केलेली होती. त्याच दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात श्री. सुधीर फडके हेही होते. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण ज्यांच्या स्वरांतून घरोघर पोहोचले, ते हेच फडके. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्याची वार्ता सरदेसाई व लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकाद्वारे सांगितली. लिबियाबाईंस २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. शत्रूकडून मिळालेले जुने यंत्र घ्यावे, ते हाताने नीट करावे, आणि त्यातून आपला शब्द बोलावा, ही परंपरा आपल्याकडे आहे. दुरुस्तीकडे केवळ काटकसर म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता दापोऱ्याच्या संचाकडे वळू. तो सेलवर चालणारा असल्याने घरी उघडण्यास निर्धोक होता. जुन्या व्हॉल्व्हच्या संचात शेकडो व्होल्टांचा दाब असतो. तेथे अनभिज्ञाने हात घालू नये. सेल पाझरून पट्ट्यांवर क्षार चढले होते, ते खरवडून काढले. पट्टा बदलण्याच्या स्विचची काळवंडलेली टोके पुसली. नवे सेल घालताना आधी विद्युत्प्रवाह मोजला. तो दहा-बारा मिलिअँपिअर भरला, म्हणजे संचात कोठे मोठी आग लागण्याजोगी गळती नव्हती. परंतु आवाज नाही.

मग साक्षीदारांची तपासणी सुरू केली. आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकास पेचकस लावताच कर्ण्यातून खरखर उमटली. म्हणजे पुढचा भाग निर्दोष. वाळून गेलेले दोन कंडेन्सर बदलले, तरी केंद्र लागेना. दोष अलीकडच्या भागात, केंद्राची लहर पकडणाऱ्या ट्रान्झिस्टरांत होता. ए.एफ. ११४ ते ११७ या मालिकेतील जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांची एक खोड प्रसिद्ध आहे. त्यांच्या धातूच्या टोपीच्या आतील कथिलातून काळाच्या ओघात केसाहून बारीक तंतू फुटतात आणि आतल्या तारांना टोपीशी जोडून टाकतात. त्यांस चार पाय असतात. चौथा केवळ टोपीचा. मोजणीत तो इतर पायांशी जुळलेला आढळला. ट्रान्झिस्टर फेकून देण्याऐवजी आम्ही तो चौथा पाय तेवढा कापला. संच सुस्कारला आणि बोलू लागला.

मध्यम लहरीच्या पेट्यांतील पेच मात्र आम्ही फिरविले नाहीत. नवखा दुरुस्तिकार संचाचा घात करतो तो बहुधा तेथेच. देवालयाचा जीर्णोद्धार करणारा जाणता स्थपती जो दगड अजून भार सोसतो आहे, त्यास हात लावीत नाही. तडकलेला तेवढाच बदलतो. मूर्तीतील तत्त्व कलशात उतरवून काम होते आणि मग ते पुन्हा प्रतिष्ठित होते. जुने यंत्र नीट करतानाही हाच विवेक हवा. सगळेच नवे घातले, तर वस्तू राहते आणि तिचा इतिहास जातो.

संध्याकाळ झाल्यावर संच घेऊन आम्ही पुन्हा दापोऱ्यास गेलो. सूर्यास्तानंतर आकाशातील खालचा थर विरतो आणि दूरची केंद्रे स्पष्ट होतात. प्रथम फक्त गुरगुर ऐकू आली. घरातील विजेचे दिवे व मोबाईलचे चार्जर बंद करविले, तेव्हा ती थांबली. ३१ मीटरच्या पट्ट्यावर एक परदेशी केंद्र लागले. भाषा आम्हा कोणास कळेना. मातोश्री उठून जवळ आल्या. "हे नव्हे. यांचे वडील रात्री बीबीसीच्या हिंदी बातम्या ऐकायचे," त्या म्हणाल्या, "ते लावा." आम्हांस सांगावे लागले की, बीबीसीची लघुलहरींवरील हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही इतका खटाटोप कशाला केलात?"

प्रश्न रास्त होता. यंत्र नीट करता येते. गेलेला आवाज परत आणता येत नाही. पाचसहा वर्षे आधी तो माळ्यावरून उतरला असता, तर त्या माउलीस पतीच्या सायंकाळची एक बातमी तरी ऐकता आली असती. दुरुस्तीस मुदत असते, आणि ती मुदत कोणी नोटीस देऊन कळवीत नाही.

पण आम्ही निघालो तेव्हा त्यांनी तो संच उशाशी ठेवून घेतला होता. दोघे बंधू दाराशी आले. थोरले म्हणाले, "वकीलसाहेब, ती यादी पुन्हा लिहावी लागेल." आम्ही लिहिली. देवघर जसे सामाईक, तसाच हा संचही उभयतांचा सामाईक, आणि मातोश्रींच्या हयातीत त्यांच्याच ताब्यात. वाटणीच्या लेखात अशी ओळ घालण्याचे समाधान आम्हांस फार क्वचित लाभले आहे.