वरून झिरपणारी विद्या

विद्येचें पाणी समाजाच्या माथ्यावर ओतलें म्हणजे तें आपोआप तळापर्यंत झिरपत जाईल, ही समजूत एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानच्या शिक्षणविषयक धोरणावर दीर्घकाळ राज्य करीत होती. मेकॉलेनें १८३५ सालच्या टिपणांत तिचा पुरस्कार केला व लॉर्ड ऑक्लंडनें १८३९ मध्यें तिला मान्यता दिली. सरकारजवळ पैसा थोडा. तेव्हां तो थोड्यांच्या उच्च शिक्षणावर खर्चावा आणि त्या थोड्यांनीं पुढें बहुजनांना शिकवावें, असा हा हिशेब होता. सामान्य जनतेची उपेक्षा झाल्याचें १८५४ च्या वुडच्या खलित्यानें मान्य केलें. पण व्यवहार फारसा पालटला नाहीं.

या हिशेबाची झडती जोतीराव फुले यांनीं घेतली. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीरावांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन ठेवलें. त्यांचा सवाल रोखठोक होता. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामानें. त्या पैशावर शिकलेल्या वरिष्ठ वर्गानें रयतेला काय शिकविलें? विद्या वरच्या वर्गांतच मुरली होती. खालीं झिरपल्याचा पुरावा कोठेंच नव्हता.

ते केवळ टीका करून थांबले नाहींत. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें. शिक्षक शक्य तों शेतकरीवर्गांतून घ्यावे. ट्रेण्ड शिक्षकास दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा. मोडी, बाळबोध व हिशेब यांच्या जोडीला शेतकीचीं मूलतत्त्वें आणि आरोग्याचे नियमहि शिकवावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. कमिशननें प्राथमिक शिक्षणाचें महत्त्व मान्य केलें. परंतु सक्ति स्वीकारली नाहीं व शाळांचा भार लोकल बोर्डांवर आणि म्युनिसिपालिट्यांवर सोपविला.

यांत दोष विद्वत्तेचा नव्हता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल १९११ सालीं मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले हेहि विद्वानच होते. तें बिल १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. बडोद्यांत सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं व कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्ति लागू करून दाखविली. देशभर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलांत आला तो मात्र १ एप्रिल २०१० रोजीं. म्हणजे जोतीरावांच्या निवेदनानंतर १२७ वर्षांहून अधिक काळानें.

एवढा विलंब कां लागला? ज्यांनीं झिरपणीचा सिद्धान्त उचलून धरला, त्यांचीं मुलें शाळेंत बसलींच होतीं. सिद्धान्त चुकला तरी त्यांच्या घरीं कांहीं उणें पडत नव्हतें. ज्यांच्या घरीं उणें पडत होतें, त्यांना धोरण ठरवितांना कोणी विचारलें नव्हतें.