'बाहेरून' केलेली डिग्री आणि दरवाजाचा इतिहास

"रेग्युलर केलंस की बाहेरून?" हा प्रश्न कुर्ल्याच्या वस्त्यांतील मुलामुलींना नोकरीच्या मुलाखतीत ऐकावा लागतो, लग्नाच्या बैठकीत ऐकावा लागतो, आणि खेदाची गोष्ट म्हणजे आपल्याच शिकलेल्या नातेवाइकांकडूनही ऐकावा लागतो. आता 'बाहेरून'च्या जागी 'ऑनलाइन' हा शब्द आला आहे. प्रश्नामागचा तोरा मात्र तोच आहे. कॉलेजात बसून मिळवलेली तीच पदवी खरी, हे कोणी ठरवले ते इतिहासात जाऊन तपासू.

मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. ते स्वतः शिकवत नव्हते. शिकवायची ती संलग्न कॉलेजे. विद्यापीठ परीक्षा घ्यायचे आणि पदव्या द्यायचे. त्याचा समाजशास्त्र विभाग सुरू व्हायला 1919 साल उजाडले. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या शिक्क्याची एवढी ऐट, ते कित्येक दशके परीक्षा मंडळच होते! लंडनने 1858 मध्येच कॉलेजची अट काढून बाहेरच्यांना परीक्षेला बसू दिले. मुंबईच्या कायद्याने मात्र उमेदवाराकडून संलग्न संस्थेचा दाखला मागितला. दिवसा कॉलेजात कोण बसू शकत होते? गिरणीत पाळी करणारा नक्कीच नाही. पदवीची प्रतिष्ठा ज्ञानामुळे किती वाढली आणि दरवाजा अरुंद असल्यामुळे किती, हा प्रश्न म्हणून विचारलाच पाहिजे.

तो बाबासाहेबांनी विचारला. 1927 मध्ये मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर ते विधिमंडळात बोलले. उच्चातले उच्च शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्याच भाषणात त्यांनी असेही बजावले, की नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणारे विद्यापीठ स्वतःच्या अस्तित्वाचे समर्थन करू शकत नाही. आपले लोक पहिला मुद्दा उचलतात आणि दुसरा सोडून देतात. ऑनलाइनच्या वादात दोन्ही लागतात.

बाबासाहेबांनी ते करूनही दाखवले. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज. तेथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे कारकुनाला, कामगाराला शिकून कामावर जाता यावे. त्यांनी वेळ बदलली, पण शिक्षक, ग्रंथालय आणि वर्ग यांत काटकसर केली नाही. पुढे 1971 मध्ये मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. तेच कलिन्यातले, आपल्या कुर्ल्याच्या शेजारचे 'आयडॉल'. 1989 मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. घरकाम करून, दुकानात उभे राहून, लेकरे सांभाळून आपल्या वस्तीतल्या कितीतरी बाया पदवीधर झाल्या त्या याच वाटेने. त्यांना दुय्यम म्हणणाऱ्याला आम्ही जातीची जुनी सवय म्हणतो. कायदाही त्यांच्याच बाजूने आहे: यूजीसीच्या 2020 च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, आणि 2022 मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीर केले.

पण समकक्षता कागदावरची झाली. कॉलेजातून पदवीखेरीज काय मिळाले? औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले, त्याचेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात रात्र रात्र चर्चा करणाऱ्या पोरांपैकी काहींनी 1972 मध्ये दलित पँथर उभी केली. ही पोरे आपापल्या खोलीत मोबाइलवर व्याख्यान ऐकत बसली असती, तर एकमेकांना भेटली असती का? मुळात खोली तरी कुठली! दहा बाय बाराच्या घरात सहा माणसे, एक मोबाइल आणि शेजारी टीव्ही. तिथे 'घरबसल्या शिका' ही जाहिरात वाचून आम्हाला हसू येते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण 26.3 टक्क्यांवरून 2035 पर्यंत 50 टक्क्यांवर न्यायचे आहे, आणि त्यात ऑनलाइनचा वाटा धरलेला आहे. वाढ व्हावीच. पण अनुदानित कॉलेजातल्या जागा, वसतिगृहे आणि प्राध्यापकभरती रखडवून आपल्या मुलांना स्क्रीनपुढे बसवायचे आणि कॅम्पस प्रस्थापितांच्या लेकरांना ठेवायचे, असे झाले तर 1857 चा तो अरुंद दरवाजा पुन्हा बसवल्यासारखे होईल. म्हणून आमची मागणी एकाच वेळी दोन्हींची आहे: ऑनलाइन पदवीला नोकरीत पूर्ण मान, आणि वस्तीजवळ अभ्यासिका, संपर्कवर्ग व शिकवणारा माणूस.

तोवर, कुर्ला स्टेशनबाहेर पत्रके वाटणाऱ्या एजंटच्या हाती फी ठेवण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्यूरोच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव त्याच वर्षासाठी आहे का, ते पाहा. कायदा, अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी यांच्या पदव्या या मार्गाने देता येत नाहीत. दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटणाऱ्या काही अभिमत विद्यापीठांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. नोव्हेंबर 2017 मध्ये निकाल लागला, आणि विद्यापीठांच्या चुकीसाठी पदव्या गेल्या त्या विद्यार्थ्यांच्या.